पन्नाशीचा वाढदिवस, सरत्या पावसात

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये सध्या पन्नाशीच्या वाढदिवसांची रांग लागली आहे. २००० च्या आगेमागे हिंजवडीच्या आयटी पार्कात किंवा चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली, आधी चार जणांत एक खोली भाड्याने घेऊन राहिलेली आणि मग कर्ज काढून इथेच फ्लॅट घेतलेली पिढी आता या वयाला पोचली आहे. मुलं बारावीत नाहीतर कॉलेजात, आईवडील थकलेले, स्वतःचे गुडघेही कुरकुरायला लागलेले. एकाच चौकात राहणारे मित्र महिनोन्‌महिने फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर भेटतात. अशा वेळी पन्नासावा वाढदिवस ही एकमेकांकडे नीट बघायची चांगली संधी असते आणि बहुतेक वेळा ती दोन तासांच्या हॉटेलातल्या जेवणात निघून जाते. गाणी मोठ्या आवाजात, केक घाईघाईत, फोटो भरपूर आणि बोलणं शून्य.

माझं सांगणं साधं आहे. मोठा वाढदिवस ऋतू बदलत असताना, मोजक्या मित्रांबरोबर आणि शक्यतो उजेडात साजरा करा. सजावटीचा, जागेचा आणि जेवणाचा अर्धा प्रश्न ऋतूच सोडवतो. पावसाळा संपून शरद सुरू होण्याचा काळ, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस, यासाठी सगळ्यांत उत्तम. हा लेख मुख्यतः त्या दिवसांसाठी आहे. इतर ऋतूंत जन्मलेल्यांसाठीही शेवटी लिहिलं आहे.

आपल्याकडची मोठी वर्षं

मोठा वाढदिवस ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, साठाव्या वर्षी उग्ररथ शांत असे विधी परंपरेने सांगितले आहेत. साठीमागे तर पंचांगाचा हिशेब आहे. संवत्सरांची नावं साठ आहेत आणि साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं. १९६५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेलं विश्वावसू संवत्सर २०२५ च्या पाडव्याला परत आलं. म्हणजे साठीला माणूस आपल्या जन्माच्या संवत्सरात दुसऱ्यांदा पाऊल ठेवतो. सहस्रचंद्रदर्शनाचाही असाच हिशेब: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात.

आपल्या पूर्वजांनी वय मोजलं ते चंद्राने आणि ऋतूंच्या फेऱ्यांनी. पन्नाशी म्हणजे पन्नास पावसाळे. तेव्हा पन्नासावा पाऊस सरताना तो पाहायला मित्रांसह बाहेर पडणं हे या परंपरेला धरूनच आहे. घरी शांत करायची असेल तर ती घरच्यांबरोबर जरूर करा. मित्रांचा दिवस मात्र वेगळा ठेवा, कारण विधीच्या गडबडीत मित्रांना वेळ मिळत नाही आणि मित्रांच्या गडबडीत गुरुजी ताटकळतात.

तारखेचा हट्ट सोडा

पहिला निर्णय तारखेचा. वाढदिवस मंगळवारी आला म्हणून मंगळवारी रात्री नऊला सगळे दमून जमले, तर कोणालाच काही मिळत नाही. तारखेच्या दिवशी घरी औक्षण करा, आवडीचं गोड करा. मित्रांसाठी आगेमागेच्या दोन आठवड्यांतला एक शनिवार किंवा रविवार धरा.

दिवस निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, सणवार. गणपती विसर्जनाच्या दिवशी शहरातून बाहेर पडणं अवघड. त्यानंतरच्या पितृपंधरवड्यात अनेक घरांत शुभकार्य करत नाहीत. ज्या घरात ही प्रथा पाळतात तिथल्या मित्राला अवघडल्यासारखं करू नका. त्या दिवसांत डोंगरावर एक साधी भटकंती ठेवा आणि औक्षण, गोडधोड नवरात्रात करा. दुसरी गोष्ट, पाऊस. पुण्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सकाळी ऊन आणि दुपारी चारनंतर ढग गडगडून सर असं बऱ्याचदा होतं. म्हणून या दिवसांतला कार्यक्रम सकाळी लवकर सुरू करून तीनपर्यंत आटपणारा हवा. तिसरी गोष्ट, ऑक्टोबरचं ऊन. पाऊस गेला की आकाश स्वच्छ आणि जमीन ओली, त्यामुळे दुपारी घामाघूम व्हायला होतं. पहाटे मात्र गारवा असतो. ऑक्टोबरात एकतर पहाट निवडा, नाहीतर संध्याकाळ.

बोलवायचं कोणाला

आपल्या भागातल्या माणसाचे मित्र तीन-चार थरांत असतात. गावचे, म्हणजे लातूर, जळगाव, अकोला, सांगलीकडचे शाळासोबती. होस्टेलवरचे. कंपनीतले. आणि सोसायटीतले, ज्यांच्याबरोबर मुलं वाढली. हे सगळे थर एका संध्याकाळी एकत्र केले की प्रत्येक जण आपापल्या कोंडाळ्यात बसतो आणि ज्याचा वाढदिवस तो टेबलांमधून नुसता फिरत राहतो.

दहा-बारा माणसं पुरे. इतक्या जणांत एकच गप्पा होऊ शकतात. पंधराच्या पुढे गेलं की दोन गट पडतात. यादी करताना ज्याचा वाढदिवस आहे त्याला विचारा: आजारपणात कोणाला फोन केला होतास, नोकरी गेली तेव्हा कोण घरी आलं होतं. ती नावं आधी लिहा. त्यानंतर गावाकडच्या किंवा होस्टेलच्या एका मित्राला आवर्जून बोलवा आणि त्याच्या एक रात्र राहण्याची सोय आपल्यातल्या कोणाच्या तरी घरी करा. वीस वर्षं न भेटलेला एक माणूस दारात उभा राहिला तर दुसऱ्या कोणत्याही भेटीची गरज उरत नाही. सरप्राइज द्यायचं असेल तर ते इतकंच द्या. कार्यक्रमच लपवून ठेवू नका; पन्नाशीच्या माणसाला आपल्या दिवसाबद्दल आधी कळलं तर तो आठवडाभर त्या आनंदात असतो.

कुटुंब बरोबर असावं की नाही, हेही मोकळेपणाने ठरवा. बायकांच्या गटाला मुलं-नवरे यांच्याशिवाय एक दिवस हवा असेल तर तो हक्काने घ्यावा आणि घरच्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघर सांभाळावं.

निमंत्रण थोडक्यात आणि नेमकं असावं. असं काहीतरी: "शनिवारी सकाळी साडेसहा, कासारवाडी स्टेशन. भाजे लेणी, दुपारचं जेवण गावात, संध्याकाळच्या आत परत. बूट, टोपी, पाण्याची बाटली आणि जिचा वाढदिवस आहे तिच्याबरोबरचा एक जुना फोटो आणा. गिफ्ट आणू नका. येणार का ते बुधवारपर्यंत कळवा." यात वेळ, जागा, काय आणायचं आणि काय नाही हे सगळं आलं.

जागा पहिली: आपलीच सोसायटी

बाहेर जाणं जमणार नसेल, कोणाचे आईवडील आजारी असतील, तर पिंपळे सौदागरातच छान दिवस होतो. या दिवसांत पहाटे साडेसहाला सोसायटीच्या आवारात प्राजक्ताचा सडा पडलेला असतो. ऑक्टोबर सरता सरता सप्तपर्णीला फुलं येतात आणि रात्री रस्त्यांवर तिचा उग्र वास भरून राहतो. बुचाची पांढरी, लांब दांड्याची फुलं त्याच सुमारास पदपथावर पडायला लागतात. मोकळ्या मैदानावर चतुरांचे थवे उडताना दिसले की पाऊस सरत आला असं समजावं. हे सगळं रोज आपण गाडीच्या काचेतून मागे टाकतो. वाढदिवसाच्या सकाळी मित्रांनी मिळून तासभर पायी फेरी मारावी, ओंजळभर प्राजक्त वेचावा, मग एखाद्याच्या घरी पोहे आणि चहा. इतक्यानेही दिवस वेगळा होतो.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला कोजागिरीची जोड मिळाली तर फारच छान. आश्विन पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण आपल्याकडे पूर्वेला उंच इमारती असल्याने गच्चीवरून तो दिसायला उशीर लागतो. आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन बघून घ्या. कार्यक्रम पौर्णिमेनंतरच्या दिवसावर ढकलला तर चंद्रोदय साधारण पाऊण तास उशिरा होईल, हेही लक्षात असू द्या.

वीस छोट्या कपांसाठी मसाला दुधाचं प्रमाण असं: म्हशीचं चार लिटर सायीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सव्वातीन लिटरपर्यंत आटवा. त्यात सुमारे तीनशे ग्रॅम साखर, पन्नास ग्रॅम बदाम आणि तेवढेच पिस्ते यांची भरड, दोन चमचे चारोळी, एक चमचा वेलचीपूड, चिमूटभर जायफळ आणि थोड्या गरम दुधात खललेलं केशर घाला. आटवायला तास-दीड तास लागतो आणि सतत ढवळावं लागतं, म्हणून हे काम घरातच करा. गच्चीवर फक्त गरम दूध न्या. तिथे शेगडी पेटवायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि मुलांना कठड्यापासून लांब ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. स्पीकर घरीच ठेवा. आपल्यात गाणारं कोणीतरी असतंच, त्याला आधीच सांगून ठेवा. पाऊस सरतानाचे हे दिवस डासांचे आणि डेंग्यूचेही असतात; पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा आणि डास पळवणारं मलम जवळ ठेवा.

जागा दुसरी: लोकलने भाजे

माझी पहिली पसंती याला. पुणे-लोणावळा लोकल कासारवाडीला आणि दापोडीला थांबते. सगळ्यांनी एकाच डब्यात बसायचं, म्हणजे गाड्या कोण चालवणार हा प्रश्न मिटला आणि गप्पा स्टेशनापासूनच सुरू झाल्या. तळेगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना मावळातली भातखाचरं लागतात. सप्टेंबरात ती गर्द हिरवी असतात, ऑक्टोबरात लोंब्या भरून पिवळसर होऊ लागतात. तीन आठवड्यांच्या अंतराने तोच प्रवास केला तर वेगळ्याच प्रदेशात आल्यासारखं वाटतं.

मळवली स्टेशनला उतरून भाजे गावापर्यंत चालत जाता येतं. गावातून पायऱ्या चढल्या की लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या या लेण्यातल्या चैत्यगृहात छताला मूळ लाकडी फासळ्या आजही दिसतात. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे आणि टोकाच्या विहारात सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षं टिकलेल्या लाकडाखाली उभं राहिलं की पन्नाशीची धास्ती आपोआप कमी होते. हे संरक्षित स्मारक आहे. तिथे केक, डबे, फुगे काहीही काढायचं नाही; खाणंपिणं सगळं खाली गावात.

वेळापत्रक असं ठेवा: सकाळी लवकरची लोकल, मळवलीत चहा-नाश्ता, दहाच्या आत लेण्यांत, साडेबारापर्यंत खाली, गावात आधी सांगून ठेवलेलं जेवण, जेवणानंतर तासभर सावलीत बैठक आणि तीन-साडेतीनची परतीची वाट. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आदल्या दिवशी नक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्यावरून मागे मोजत आखा.

जागा तिसरी: डोंगर आणि पठार

गटातले गुडघे ठणठणीत असतील तर भाज्याहून पुढे लोहगड. गडाची उंची १,०३३ मीटर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडत पायऱ्यांनी वर जाता येतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं आणि गर्दी यांपलीकडे काही दिसत नाही. सप्टेंबर सरताना धुकं सकाळी नऊच्या सुमारास विरळ होतं, खाली पवना धरणाचं पाणी उघडं पडतं आणि गडाच्या विंचूकाटा माचीच्या वाटेवर सोनकीची पिवळी फुलं गुडघ्याएवढ्या गवतात डोलताना दिसतात. कातळाच्या कडेला गुलाबी तेरडा असतो. बसा, एखादं फूल जवळून बघा, सोनकीच्या पाकळ्या मोजा. फुलं तोडू नका आणि फोटोसाठी ताटव्यात शिरू नका. तुडवलेलं रोप बी धरत नाही आणि पुढच्या वर्षी ती जागा उघडी पडते.

चढण नको असेल, आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल, तर इंदोरीजवळचा भंडारा डोंगर. तुकोबांच्या चिंतनाची ही जागा. वरपर्यंत गाडी जाते. वरून सगळं मावळ दिसतं आणि ज्येष्ठांनाही दिवसाचा आनंद मिळतो.

कासचं पठार मनात असेल तर ते वेगळ्या तयारीचं काम आहे. २०१२ पासून जागतिक वारसा असलेलं हे पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. फुलांच्या हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते आणि शनिवार-रविवारी गर्दी उसळते. आपल्याकडून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो. सगळ्यांना मधल्या वारी रजा मिळणार असेल आणि आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम जमणार असेल तरच जा. नाहीतर मित्रांचा दिवस महामार्गावरच्या रांगेत जाईल.

ताटात ऋतू असू द्या

केटररला छापील मेनूतून निवडू देण्यापेक्षा या दिवसांत शेतात काय आहे ते बघा. भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात. मक्याची कणसं भाजावीत. अळूच्या वड्या, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे घारगे. पुरंदरकडची सीताफळं याच सुमारास बाजारात येतात. त्यांचा गर काढून थंड दुधात घातला की केकची आठवण होत नाही. भात मावळातल्या इंद्रायणीचा करा, त्याचा वास आणि चिकटपणा मसालेभातापेक्षा साध्या वरण-तुपाबरोबर खुलतो. दिवाळीच्या पुढे वाढदिवस असेल तर नव्या तांदळाची चौकशी मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे करा.

डोंगराखालच्या गावात जेवायचं ठरवलं तर दोन दिवस आधी फोन करून माणसं सांगा: पिठलं, भाकरी, ठेचा, हवी तर एक उसळ. पोचल्यावर ऑर्डर दिली तर दीड तास जातो. गोड पदार्थ आपण घरून नेऊ शकतो. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या आईच्या हातचा कोणता पदार्थ त्याला आवडायचा, हे विचारून तोच कोणीतरी करून आणावा. आई नसेल तर हे अधिकच करावं. गटात मधुमेह, रक्तदाबाचे लोक असतील हे धरून चाला. त्यांच्यासाठी फळं आणि ताक ठेवा, आणि "आज एक दिवस चालतं" म्हणून कोणालाही आग्रह करू नका.

ताट-वाट्या घरच्या स्टीलच्या न्या किंवा पत्रावळी घ्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, चमचे, सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांवर देशभर बंदी आहे. सजावट हवी असेल तर झेंडूचं एक तोरण पुरतं. नवरात्रापासून तो भरपूर मिळतो.

औक्षण, आणि त्यानंतरचा एक तास

घरी असाल तर औक्षणाला पाट, त्याभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता. मित्रांच्या कार्यक्रमातही औक्षण करायला हरकत नाही. उलट मैत्रिणींनी मैत्रिणीला ओवाळलं तर त्या क्षणाला जो अर्थ येतो तो मेणबत्त्या फुंकण्याला येत नाही. केक हवा असेल तर छोटा आणा आणि खा. तोंडाला फासू नका. रात्री बाराला चौकात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून रस्ता अडवणं आणि तलवारीने, कोयत्याने तो कापणं असले प्रकार आपल्या शहरात होतात. हत्यार काढलं की पोलिसांत गुन्हा दाखल होतो. पन्नाशीच्या माणसांनी असे प्रकार टाळलेले पाहिले की सोसायटीतली मुलंही शिकतात.

जेवणानंतरचा एक तास हा या दिवसाचा गाभा आहे आणि त्याची तयारी करावी लागते. प्रत्येकाला आधी सांगा: एक जुना फोटो छापून आणायचा आणि मागे पेनाने वर्ष, ठिकाण आणि फोटोत कोण कोण आहे ते लिहायचं. मोबाइलमधला फोटो चालणार नाही. गोलात बसून प्रत्येकाने आपला फोटो हातात धरून त्यामागची एक घटना सांगायची, पाच मिनिटांत. गुणवर्णन नको, भाषण नको, घडलेली गोष्ट. "तो फार मदत करणारा आहे" यापेक्षा "रात्री दोनला तो स्कूटरवरून रक्ताची पिशवी घेऊन आला होता" हे ऐकायला सगळ्यांचे कान टवकारतात. शेवटी ज्याचा वाढदिवस आहे त्याने बोलायचं. त्याला मध्ये तोडू नका. पन्नाशीत माणूस बरंच काही मनात ठेवून असतो: घरचं आजारपण, नोकरीची भीती, मुलांची काळजी. तो ते बोलला तर सल्ला देऊ नका, ऐकून घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. सगळे फोटो एका वहीत चिकटवून त्याच दिवशी त्याच्या हातात द्या.

भेटीचं काय

या वयात घरात वस्तू जास्त झालेल्या असतात. सगळ्यांनी मिळून एकच भेट द्या आणि ती पुढच्या ऋतूंकडे नेणारी असू द्या. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' हे १९५६ साली आलेलं पुस्तक महिन्यामहिन्याने निसर्ग कसा पालटतो ते सांगतं; वर्षभर दर महिन्याला एकेक प्रकरण वाचण्यासारखं. बरी दुर्बीण किंवा चांगले ट्रेकिंगचे बूट हेही उत्तम. किंवा पुढच्या बारा महिन्यांत दर महिन्याला एक जण त्याला एका सकाळी फिरायला नेईल, असा लेखी करार करा. याला खर्च नाही आणि मैत्री चालू राहते.

झाड लावायची हौस असेल तर थोडं थांबा. आपल्याकडे रोप लावायचा काळ जून-जुलै. ऑक्टोबरात लावलेलं रोप पाऊस नसल्याने लगेच पाण्याला महाग होतं. त्याऐवजी सोसायटीत किंवा जवळच्या बागेत यंदाच्या पावसात लावलेलं जांभूळ, बहावा किंवा ताम्हण निवडा आणि पुढच्या जूनपर्यंत त्याला पाणी घालायची जबाबदारी गटाने घ्या.

खर्च सुरुवातीलाच ठरवा. एकाने हिशेब सांभाळावा, अंदाजपत्रक गटात टाकावं आणि वर्गणी सर्वांत बेताची परिस्थिती असलेल्या मित्राला परवडेल अशी असावी. आयटीतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या आहेत, कारखान्यांतले काही कंत्राटावर आहेत. पैशापायी कोणी "जमत नाही" म्हणून घरी राहिला, तर त्या वाढदिवसाला काही अर्थ नाही.

जपायच्या गोष्टी

पाण्यापासून लांब राहा. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही जागा आपल्या रविवारच्या अंतरावरच्या आहेत. वरच्या भागात पडलेल्या पावसाने प्रवाह काही मिनिटांत वाढतो, सप्टेंबरातही. जिल्हा प्रशासनाने बंदी घातलेल्या जागी जाऊ नका.

लेणी आणि गडांवर आग्यामोहोळ असतं. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. अत्तर घरीच ठेवा आणि फटाका, धूर करणारी कांडी वगैरे काहीही नेऊ नका.

ओला, शेवाळलेला कातळ निसरडा असतो आणि पन्नाशीतले अपघात बऱ्याचदा उतरताना होतात. चांगल्या पकडीच्या सोलचे बूट, हातात काठी, आणि सर्वांत मंद चालणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. रोजच्या गोळ्या बरोबर घ्या. छातीत दुखणं, दम लागणं असलं काही वाटलं तर लाजून लपवू नका; तिथेच थांबा आणि सांगा. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीने जाणार असाल तर चालवणाऱ्याने दारूला हात लावायचा नाही.

वाढदिवस दुसऱ्या ऋतूत असेल तर

मे अखेर ते जूनचा मध्य: पहिल्या पावसाआधी मावळात, राजमाचीच्या वाटेवर आणि भंडारदऱ्याकडे काजवे चमकतात. लहान गट, स्थानिक वाटाड्या, टॉर्च बंद आणि झाडाजवळ न जाता लांबून बघणं हे नियम पाळले तर असा वाढदिवस जन्मभर लक्षात राहतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी: ज्वारीचा हुरडा. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून, लसणाची चटणी, गूळ आणि दही. कृषी पर्यटन केंद्रापेक्षा कोणाच्या गावी शेत असेल तर तिथेच जा. पक्ष्यांची आवड असेल तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पहाटे पोचावं लागतं.

फेब्रुवारी-मार्च: पानगळीनंतर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. डोंगर तपकिरी आणि त्यावर लाल-केशरी झाडं. पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठावी.

तयारीचा क्रम

तीन आठवडे आधी यादी आणि दिवस पक्का करा. बाहेरगावच्या मित्राचं तिकीट काढा. दोन आठवडे आधी जागा एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा, जेवणाचं बोला, फोटो आणायला सांगा. एक आठवडा आधी वर्गणी गोळा करा आणि पाऊस आलाच तर कोणाच्या घरी जमायचं ते ठरवून ठेवा. दोन दिवस आधी हवामान विभागाचा अंदाज बघा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर डोंगर रद्द, घरचा बेत चालू. आदल्या रात्री पिशव्या भरा आणि लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत आणि फोटोंसाठी एकच बाहेर.

पन्नाशीनंतर मित्रांच्या भेटी आपोआप होत नाहीत, त्या ठरवाव्या लागतात. आपल्या गटात यंदा कोणाची पन्नाशी आहे ते आज बघा, आणि त्याला किंवा तिला विचारा की पाऊस सरताना कोणता शनिवार मोकळा आहे.